बाप्पाच्या पायाशी पत्ता

हरेश माझा चुलत भाऊ. हमरापूरचा त्याचा गणपतीचा कारखाना मूळचा माझ्या बाबांचा, त्यांनीच विश्वासाने त्याच्या हाती दिलेला. बाबांनी घडवलेली लोडाला टेकलेली मूर्ती विदर्भातले व्यापारी 'काळुरामचा गणपती' म्हणून मागायचे. बाबा गेले आणि तेरावं होताच हरेशने साच्यांमधलं त्यांचं नाव तासून स्वतःचं कोरलं. मी जाब विचारला तर म्हणाला, "मेलेला माणूस ऑर्डरी घेतो काय गो?" ते मला पचलं नाही.

माझं रोह्यात छपाईचं दुकान आहे. पौषात तोच हसत हसत दारात आला. त्याला मूर्तींचं छापील पुस्तक सगळ्या व्यापाऱ्यांना टपालाने पाठवायचं होतं. मोबाइलवरचे फोटो कोण बघतो? पुस्तक गल्ल्यापाशी राहतं, आणि पाडव्याआधी पोचलं की ऑर्डर नक्की. "घरातलीच हायस, पाकीट झकास कर," म्हणाला.

मी केलंही होतं. त्याचा पत्ता वर डाव्या कोपऱ्यात बारीक, त्याखाली गणपतीच्या मूर्तीचं चित्र, आणि व्यापाऱ्याचा पत्ता सगळ्यात खाली मोकळ्या जागेत. कारण आता टपाल मशीन वाचतं, आणि सगळ्यात खाली जो पिनकोड दिसेल तिकडे पाकीट ढकलतं.

नमुना पाहून हरेशने कपाळावर हात मारला. "बाप्पाच्या डोक्यावर माझं नाव? येडी झालीस काय? मूर्ती वर घे, माझा पत्ता पायाशी. मोठ्या अक्षरात!"

देवाच्या माथ्यावर आमच्या घरात काही लिहीत नाहीत, हे खरं. म्हणून व्यापाऱ्याचा पत्ता मूर्तीच्या शेजारी गेला आणि हरेशचा सगळ्यात खाली आला. तेव्हाच त्याला मशीनचं सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही. पण बाबांचं तासलेलं नाव आठवलं आणि अंगाची लाहीलाही झाली. "व्हय, शोभतंय," मी म्हटलं.

पेणच्या पोस्टात पाकिटं पडली. थोड्याच दिवसांत गोणी भरून हरेशच्याच दारात परत. तो पोस्टात जाऊन तावातावाने भांडला, आणि तीच पाकिटं उचलून मुंबईला नेऊन टाकली. मशीनने ती पुन्हा इमानदारीत त्याच्याच घरी धाडली. कारखान्यात रंगकाम करणाऱ्या शकूने मला फोनवर हे सांगितलं, त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली. मला आनंद झाला, का लपवू?

पाडवा उलटला. शेड मूर्तींनी भरली, व्यापारी दुसरीकडे वळू लागले. मग हरेश आला, या खेपेला न हसता.

"मशीनचं पोस्टात कळलं. तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

तो मटकन खुर्चीत बसला. "नवीन पाकीट कर. काकांचं नाव टाकतो. साच्यांवर पण."

एवढंच तर मला इतके दिवस हवं होतं. आणि आता ते समोर आलं तर पुरेना.

"नाव नको. साचे दे. बाबांची मूर्ती यापुढं मी काढीन. मग तुझं पाकीट करते."

"मग माझ्याकडं उरलं काय?"

"रंगकाम कर. शकूच्या शेजारी जागा हाय."

तो उठला आणि दारापाशी जाऊन वळला. "काका असं कधी वागले नसते गो."

"नसतेच वागले," मी म्हटलं. "म्हणून तर कारखाना तुला मिळाला."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून साचे आले. तो काही सोबत आला नाही.