कडी

त्याने चौथा स्क्रू आवळला, पेचकस खिशात घातला आणि कडी सरकवून पाहिली. दांडा कोयंड्यात अचूक बसला.

मुलगी वसतिगृहाचा अर्ज हातात धरून उभी होती. पाचपर्यंत द्यायचा होता. तिच्या खोलीला आतून कडी बसली तर अर्ज फाडायचा, असं सकाळी ठरलं होतं.

"झालं," तो म्हणाला.

"बाबा, ही बाहेरून लावलीत."

त्याने कडी पुन्हा सरकवून पाहिली. लोकांच्या घरी त्याने शेकडो कड्या बसवल्या होत्या.

"मला कोंडायचा बेत आहे का? तेवढाच अभ्यास होईल."

"गप गं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

लढाईत पकडला गेल्यावर तीन वर्षं तो अशाच दाराआड होता. कडी बाहेर, पण बिजागऱ्या आत. खिळ्याने त्यांचे स्क्रू सैल करायला एकोणीस दिवस लागले. विसाव्या दिवशी दार उतरवून तो पळाला. घरी आल्यावर आधी त्याने सगळ्या कड्या काढून टाकल्या. तेव्हापासून या घरात अंघोळीला गेलेला पाहुणा मोठमोठ्याने गात असे. आणि मुलगी अभ्यासाला बसली की दर अर्ध्या तासाने तो तिचं दार ढकलत असे. उघडतंय ना, एवढंच बघायला.

त्याने स्क्रू काढले. बाहेर चार भोकं राहिली. आतल्या बाजूला कडी बसवायला तेवढाच वेळ लागला, फक्त एक स्क्रू दोनदा हातातून पडला.

"बघून घेतो," म्हणत त्याने आतून दार लोटलं. कडी सरकली.

आई ओल्या हातांनी बाहेर आली.

"आत कोण?"

"बाबा."

"कडी लावून?"

"लावून."

दांडा मागे सरकला. दार उघडलं नाही. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. मुलीने अकरापर्यंत मोजलं. शेवटी कडी लागली ती लागलीच.

"बाबा, पाच वाजत आले."

"मग फाड की तो कागद."

"आधी उघडा तर."

"उघडतो. जरा बसतो."

आत खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. मुलीचा हात आपसूक दाराकडे गेला, ढकलून बघायला. फळीला टेकण्याआधीच तिने तो मागे घेतला.