कोर्टाच्या पायरीवरचं मत

आमच्या केंटकीत मत द्यायचं म्हणजे कोर्टाच्या पायरीवर चढून, गावासमोर ओरडून. तिथे कारकुनाशेजारी जमीनदार बकनर पाय पसरून बसलेला. खाली फुकटच्या व्हिस्कीचं पिंप. अशात त्याची जमीन कसणाऱ्या कुळानं खरं बोलावं तरी कसं? पण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत माझा नवरा हायराम बोलला. खणखणीत आवाजात म्हणाला, "माझं मत जनरलसाहेबांना!" बकनर तर दुसऱ्याच उमेदवाराचा खंदा माणूस.

दुसऱ्याच दिवशी त्याचा निरोप आला, मार्चच्या आत शेत सोडा. झाडं तोडून, बुंधे उपटून आम्ही त्या रानाचं मक्याचं शेत केलं होतं.

"जाऊ दे गं," हायराम म्हणाला, "मत तर मोजलं गेलं."

कसलं डोंबलाचं मोजलं! कुणालाच बहुमत नाही म्हणून निकाल वॉशिंग्टनला संसदेकडे गेला. तिथे आम्हीच पाठवलेल्या खासदारांनी राज्याचं मत तिसऱ्याच उमेदवाराला देऊन टाकलं. आमच्या पायरीवर त्याचं नावसुद्धा कुणी घेतलं नव्हतं. जनरल हरला, बकनरचा माणूसही हरला. माझं डोकंच फिरलं. तशीच बकनरकडे गेले.

"साहेब, तुमचंही गेलं, आमचंही गेलं. आता राग कशाचा?"

"केझाया, तो चारचौघांत माझ्या तोंडावर बोलला. आता चारचौघांतच म्हणू दे, त्या दिवशी मी प्यायलो होतो. मग शेत तुमचंच."

हायराम कट्टर मेथडिस्ट पंथाचा, दारूच्या थेंबाला कधी शिवलेला नाही.

"अहो, असलं काही बोलू नका," मी घरी म्हटलं. "आपण नदीपलीकडे इंडियानात जाऊ."

"कशाच्या जोरावर? बैल एकच उरलाय. पोरं काय माझा ताठा खातील?"

महिन्याचं कोर्ट भरलं त्या दिवशी गाव जमलं. हायराम पायरीवर चढला आणि म्हणाला, "मी त्या दिवशी प्यायलो होतो." सगळ्यांना खरं ठाऊक होतं. सगळे खाली बघत राहिले. एकटा बकनर हसला.

शेत राहिलं. चार वर्षांनी पुन्हा निवडणूक आली. जनरल पुन्हा उभा होता आणि वारं त्याच्या बाजूनं फिरलं होतं. यंदा बकनरच पायरीवर चढून जनरलच्या नावानं ओरडला म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धावतच शेतात गेले.

"अहो, चला! आता कोण अडवतंय तुम्हाला?"

हायराम कणसं सोलत होता. त्यानं मानही वर केली नाही.

"दारुड्याच्या मताला कोण विचारतं गं?"