बाजू बदललेली कडी

मी एक कडी बोलतेय. दाराला असते ती, पितळेची, वीतभर लांबीची. आधीच सांगून ठेवते, माझा आवाज जरा चढा लागेल. जिचं सगळं आयुष्य दाराच्या आतल्या बाजूला गेलं, तिला एके दिवशी उपटून बाहेरच्या बाजूला ठोकलं, तर ती काय गोड बोलणार आहे?

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते रत्नागिरीच्या बाजारातलं हार्डवेअरचं दुकान, आणि तिथून मला पिशवीत घालून घरी आणणारा यज्ञेश. हा आंब्याचा बागायतदार. माणूस कष्टाळू आहे, पण कुणाचं ऐकून घेणं त्याच्या रक्तात नाही. त्याची बायको ऋजुता शाळेत गणित शिकवते. त्यांचा एकुलता एक मुलगा वेद तेव्हा जेमतेम सात वर्षांचा होता आणि त्याला स्वतःची खोली हवी होती. पडवीच्या टोकाची खोली त्याला मिळाली. दार फणसाच्या लाकडाचं, चांगलं जाडजूड.

मला बसवायला आप्पा सुतार आले. ते मला नेहमीसारखी वर लावायला निघाले, तर यज्ञेश म्हणाला, "आप्पा, खाली घ्या जरा. वेदचा हात पोचायला हवा ना. खोली त्याची आहे."

हे वाक्य मी विसरलेले नाही. तो विसरला.

लहानपणी वेद रागावला की मला लावून बसायचा. बाहेरून ऋजुता फणसाच्या साटांचं आमिष दाखवायची, की लगेच मी उघडी. पुढे तो दहावी ओलांडून गेला आणि मी तासन् तास लागलेली राहू लागले. आतमध्ये धूर असायचा. तो लपवायला तो उदबत्ती लावायचा. बाहेर ऋजुता शेजारच्या कुसुमकाकूंना कौतुकानं सांगायची, "आमचा वेद हल्ली खोलीत देवाची उदबत्ती लावतो हो." मी आतून डोकं आपटून घ्यायची बाकी होते. सुरुवात गांजापासून झाली, मग सर्वेश नावाचा मित्र गोळ्या आणून देऊ लागला. एकदा दोन हाका मारूनही दार उघडेना, तेव्हा यज्ञेशनं खांदा घालून ते फोडलं. माझा दांडा वाकला तो तेव्हाच.

वेदला पुण्याकडच्या एका केंद्रात ठेवलं. तिथं राहून उपचार घ्यायचे होते. गावात सांगितलं, क्लाससाठी गेलाय.

तो परत यायच्या आधी यज्ञेशनं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मला दारावरून काढलं. "ह्या घरात आता कुणाला कडी नको," असं म्हणून मला खिळ्यांच्या डब्यात टाकलं. डबा पडवीतल्या फळीवर, वेदच्या दारासमोरच. त्यामुळे पुढचं सगळं मला बसल्या जागी दिसलं आणि ऐकू आलं. न दिसतं तर बरं झालं असतं.

केंद्रातल्या राही मॅडमनी निघताना या दोघांना समोर बसवून सगळं समजावलं होतं. नियम थोडे ठेवा, पण त्याच्याशी बोलून ठेवा. शपथा घालू नका. घसरला तर त्यानं सगळ्यात आधी तुमच्याकडे यायला हवं, एवढी वाट उघडी ठेवा. आणि चिपळूणला महिन्यातून एका रविवारी अशाच मुलांच्या आईबापांची बैठक असते, तिला या. दोघंही या.

दोघांनी माना डोलावल्या. आणि येताना वाट वाकडी करून गाडी थेट हेदवीला नेली. दशभुजा गणपतीसमोर वेदच्या हातात नारळ दिला. यज्ञेश म्हणाला, "म्हण, पुन्हा कधी हात लावणार नाही. लावला तर आईचं वाटोळं होईल." पोरानं म्हटलं. न म्हणून काय करील? तो नारळ लाल फडक्यात बांधून घरी आणला आणि देवघराच्या फळीवर ठेवला. पडवीतून आत शिरलं की पहिली नजर त्याच्यावरच जाते.

देवाशी माझं काही वाकडं नाही. पण ज्या पोराला अजून स्वतःचाच भरवसा नाही, त्याच्या जिभेवर आईचं वाटोळं ठेवायचं, ही कुठली रीत? उद्या पाय घसरला तर तो ते आईला कसं सांगणार होता? एवढं साधं गणित गणिताच्या बाईंनासुद्धा सुटू नये!

मग सुरू झाली राखण. ऋजुता त्याचे शर्ट धुवायला टाकण्याआधी हुंगायची. त्याच्या डोळ्यांत बघायची, आणि बघत नाहीये असं दाखवायची. ते तिला मुळीच जमायचं नाही. "बरा आहेस ना रे?" हे ती इतक्यांदा विचारायची की बरा असलेलाही आजारी पडेल. यज्ञेश काही विचारायचा नाही. तो नुसतं दार ढकलायचा. कडी नव्हतीच, दार सरळ भिंतीवर आपटायचं. पोरगा पुस्तक घेऊन बसलेला असो, कपडे बदलत असो, नाहीतर नुसता छताकडे बघत पडलेला असो.

"बाबा, जरा हाक मारून ये की," एकदा वेद म्हणाला.

"का? लपवण्यासारखं काय आहे?"

वेदनं उठून दार पुन्हा लोटून घेतलं.

त्यात कुसुमकाकू. बाई प्रेमळ आहेत, पण चौकशी त्यांच्या अंगात मुरलेली. पडवीच्या पायरीवर बसायच्या आणि विचारायच्या, "काय रे वेद, कसा होता क्लास? खानावळ बरी होती का रे तिथली?"

वेद आईकडे बघायचा. आई साडीचा पदर नीट करायची.

"बरी होती, काकू."

काकू गेल्यावर एकदा तो म्हणाला, "आई, तिथे मला रोज खरं बोलायला शिकवलं. घरी आलो तर खोट्यापासूनच सुरुवात."

"लोकांना काय सांगायचं मग?" ऋजुता म्हणाली. आवाज रडवेला होता.

चिपळूणच्या बैठकीचा रविवार आला आणि गेला. "बागेत मोहोर आलाय, फवारणी सोडून मी गप्पा मारायला जाऊ?" इति यज्ञेश. "आजारी तो आहे. आपण कशाला जायचं?" ऋजुता गप्प बसली. हिच्या गप्प बसण्याचाही मला राग येतो, सांगून ठेवते.

आणि मग व्हायचं ते झालं. एका संध्याकाळी वेद भाट्याच्या समुद्रावरून आला. चेहरा उतरलेला. ऋजुता पडवीत तांदूळ निवडत होती. तो तिच्यासमोर खाली बसला. मी डब्यात होते, पण त्याचे हात मला दिसत होते. एकमेकांत घट्ट अडकवले होते.

"आई, एक सांगायचं होतं."

बास! याच क्षणासाठी त्या राही मॅडमनी एवढा घसा कोरडा केला होता. पोरगं स्वतःच्या पायांनी चालत आलं होतं. ऋजुतानं फक्त "सांग" म्हणायचं होतं.

तिची नजर गेली देवघरात, त्या लाल फडक्याकडे. "शपथ मोडलीस का रे?" तिनं विचारलं.

वेदनं आईकडे पाहिलं. मग नारळाकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "काही नाही. भूक लागलीय."

आणि उठून खोलीत गेला. त्या वेळी मला हात असते तर तो नारळ मी फोडून त्याची चटणी वाटली असती.

पण वास काही लपत नाही. शर्ट हुंगला गेला. घरात आरडाओरडा झाला. यज्ञेश तणतणत पडवीत आला, खिळ्यांचा डबा फळीवरून ओढला आणि मला बाहेर काढलं. हातोडीनं माझा वाकलेला दांडा सरळ केला. मला वाटलं, चला, याला अक्कल आली, आता मी पुन्हा माझ्या जागी जाणार.

त्यानं मला दाराच्या बाहेरच्या बाजूला ठोकलं.

वर, चांगली त्याच्या स्वतःच्या हाताच्या उंचीवर. ज्या पोराचा हात पोचावा म्हणून मला खाली बसवलं होतं, त्याच पोराला कोंडायला मी. बागेत जाताना यज्ञेश माझा दांडा कोयंड्यात सरकवायचा. ऋजुता शाळेतून आली की मला काढून ताट आत द्यायची आणि परत सरकवायची. वेदनं एकदाही दारावर धक्का मारला नाही. मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी राही मॅडमचा फोन आला. ऋजुतानं तो पडवीतच घेतला, आवाज मोठा ठेवून. कसं चाललंय, असं त्यांनी विचारलं आणि हिला रडू फुटलं. रडत रडतच कडीची गोष्ट सांगून टाकली.

"ताई, आमच्याकडेही आम्ही खोल्यांना बाहेरून कडी घालत नाही हो," मॅडम म्हणाल्या. "वेद एकदा घसरला. ते सावरता येतं. पण सांगायला आला होता आणि सांगू शकला नाही, ते आधी बघा. आणि हे तुम्हाला एकटीला जमणार नाही. या ना चिपळूणला."

यज्ञेश शेजारीच उभा होता. "मला वेळ नाही," म्हणून चालता झाला.

या वेळी मात्र ऋजुता एसटीनं एकटीच गेली. बैठकीत काय झालं ते तिनं आल्यावर जेवढं सांगितलं तेवढंच मला ठाऊक. गुहागरकडची एक बाई म्हणाली म्हणे, की मी लेकाच्या चपला पिंपात लपवायची, तर तो अनवाणी जायचा. सगळे हसले. हीसुद्धा हसली. आणि मग हिनं आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत म्हटलं, माझा मुलगा नशा करायचा. "आभाळ नाही कोसळलं हो," ती यज्ञेशला सांगत होती. "कुणी तोंडसुद्धा फिरवलं नाही. त्या म्हणाल्या, चहा घ्या." यज्ञेश फवारणीच्या पंपाची नळी पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी कुसुमकाकू आल्या. पायरीवर बसल्या. "वेद दिसत नाही तो? पुन्हा क्लासला गेला का गो?"

ऋजुता उभी राहिली. माझ्या अगदी जवळ. "तो क्लासला नव्हताच, काकू. नशा सोडायच्या केंद्रात होता. आणि आत्ता आत आहे. आम्ही कोंडलंय त्याला."

काकूंचं तोंड उघडं राहिलं, ते जरा वेळानं मिटलं. "मला वाटलंच होतं गो," त्या म्हणाल्या. यांना सगळं नेहमी आधीच वाटलेलं असतं! पण मग उठता उठता म्हणाल्या, "आंबोळ्या केल्यात आज. पोराला आवडतात. पाठवते." आणि गेल्या.

ऋजुतानं मला मागे सरकवलं. दार उघडलं. वेद दारालगतच्या भिंतीला पाठ लावून बसला होता, सगळं ऐकत.

"आई, मी ओढला त्या दिवशी. एकदाच. सर्वेश भेटला होता," तो म्हणाला. "आणि तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?"

ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. "मला काही झालेलं नाहीये, बघ," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात यज्ञेश बागेतून आला. त्यानं शेवटचं ऐकलं असावं. चेहरा लाल झाला. "आत जा," तो वेदवर ओरडला, आणि त्याचा हात माझ्याकडे आला. ऋजुता झटकन उठली, वेदला पाठीशी घालून बाहेर आली आणि तिनं कोयंड्यावर पंजा ठेवला. मला सरकवायचं तर तिच्या बोटांतून सरकवावं लागलं असतं.

"बाजूला हो."

"नाही होणार. तो सांगतोय, ते ऐक."

मग यज्ञेश वळला आणि बागेत निघून गेला. परत आला तो स्क्रूड्रायव्हर घेऊनच. मला काढलं, पडवीतल्या टेबलावर ठेवलं, शेजारी स्क्रू ठेवले. माफी मागण्याची या माणसाची हीच तऱ्हा, तिचं कौतुक मी तरी करणार नाही.

मला आत बसवलं ते वेदनं. जुनी भोकं होती तिथेच, खाली. आता तो इतका उंच झालाय की मला लावायला त्याला वाकावं लागतं. एका स्क्रूचे आटे गेलेत, तो बसतच नाही. त्यामुळे मी जरा हलते. कुणी खांदा घातला तर पहिल्याच धक्क्याला निघून येईन. हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

सगळं सुरळीत झालंय असं समजू नका. लाल फडक्यातला नारळ अजून फळीवर आहे, उतरवायचं धाडस कुणाला होत नाही. यज्ञेश बायकोला गाडीनं चिपळूणला नेतो, पण बैठकीच्या दाराबाहेर गाडीत बसून राहतो. एवढा खड्ड्यांचा रस्ता तुडवून जातो आणि शेवटची दहा पावलं त्याच्याच्यानं टाकवत नाहीत. अशा वेळी माझा जीव नुसता तळतळतो.

पण काल दुपारी वेदनं मला लावलं. परत आल्यापासून पहिल्यांदाच. पडवीत यज्ञेशची पावलं वाजली, दारापाशी येऊन थांबली. त्याचा तळवा दारावर टेकला. मी श्वास रोखला. आता ढकलणार, तीन स्क्रू उखडणार, आणि सगळं मुसळ केरात.

तळवा दारावरून उचलला गेला. आणि मग त्या माणसानं, स्वतःच्या घरात, जन्मात पहिल्यांदा दारावर टकटक केली.

"कोण?" वेदनं विचारलं.

"मी आहे रे. बाबा. आंबोळ्या आल्यात काकूंकडून." जरा थांबून तो म्हणाला, "सावकाश ये. घाई नाही."

"थांब, उघडतो."

आईबापांनो, मी पितळेची एक वाकडी कडी, माझं कोण ऐकणार? पण मला बाहेर ठोकू नका. बाहेरून घातलेली कडी जन्मभर तुम्हालाच राखत बसावी लागते. वेद वाकला, त्यानं मला सरकवलं, आणि दार आतून उघडलं.