कवायतीच्या पाकिटातली तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. काळी, गोल आणि मधोमध भोक असलेली. एवढ्या भांडवलावर मी गाण्याच्या धंद्यात पडले.

इंडोनेशियातल्या सेमारांग शहरातल्या विनार्सीने एकोणिसाव्या वर्षी क्रोंचोंगची, म्हणजे तिकडच्या जुन्या ढंगाची, सहा गाणी गायली आणि ती माझ्या अंगावर कोरली गेली. तिचा नवरा सस्मितो रेल्वेच्या तिकीटखिडकीवर बसे. मला पूर्ण ऐकल्याशिवाय तो घर सोडत नसे. खिडकी उशिरा उघडे, पण तक्रार कोणी करत नसे. लोकांना वाटे, गाडीच लेट असेल. ते माझे सोन्याचे दिवस होते.

आमच्या गल्लीत भरतीचं पाणी पाहुण्यासारखं येतं, न विचारता. एका वर्षी ते कमरेपर्यंत आलं. ओसरल्यावर सगळ्या गल्लीने आपापल्या तबकड्या धुतल्या आणि ताटल्यांसोबत बांबूच्या मांडवावर वाळत घातल्या. कागदी पाकिटांची तर पेज झाली होती. तेवढ्यात आभाळ भरून आलं. पळापळीत शेजारच्या दातांच्या डॉक्टरांची बायको ताटल्यांबरोबर मलाही घेऊन गेली आणि तिने मला घरातल्या एकमेव कोरड्या पाकिटात कोंबलं. त्यावर लिहिलं होतं, ‘सकाळची कवायत’. त्यातली मूळ तबकडी बाहेर राहून पुरात फुटली होती.

सस्मितोला वाटलं, मी समुद्रात गेले. मी होते भिंतीपलीकडे. तीस वर्षं मला कोणी हात लावला नाही. डॉक्टर हेंदार्तोंच्या घरात कवायतीच्या पाकिटाइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती.

पुढे तबकड्यांच्या शौकिनांनी फोनवर एक गट काढला. नाव ‘सुईखाली काय?’ दर रविवारी सकाळी घरात काय वाजतंय ते सगळ्यांना थेट दाखवायचं. नुसतं पाकीट दाखवून मिरवायचं नाही आणि एकदा सुई ठेवली की अर्धं मिनिट उचलायची नाही.

सस्मितो दर रविवारी शेवटी म्हणे, “माझ्या बायकोची तबकडी सापडू द्या, मग बघा.”

“अहो बापक, बायको आमच्याकडेही गाते,” डॉक्टर म्हणत. “मी उशिरा घरी आलो की!”

गटातले बेचाळीस जण हसत. विनार्सी स्वयंपाकघरातून म्हणे, “पुरे हो आता. कशाला हसं करून घेता?” तिने गुणगुणणंही सोडलं होतं. एकदा तिने हळूच विचारलं, “खरंच गायले होते का हो मी?” सस्मितो त्या दिवशी जेवला नाही.

मग डॉक्टरांना त्यांच्या डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितलं. रविवारी ते अर्ध्या चड्डीत फोनसमोर उभे राहिले. चष्मा काढलेला. पाकिटातून मला काढून फिरत्या चकतीवर ठेवलं, सुई टेकवली आणि गरजले, “उठा आळशांनो! हात वर!”

मी जरा खरखरले. तीस वर्षांनी घसा साफ करत होते. मग विनार्सी गाऊ लागली.

डॉक्टरांचे हात वरच राहिले.

पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीवर पुरात पडलेला ओरखडा आहे. तिथे सुई उडते, ओळ निसटते. मी घाबरले. पण ओळ निसटली नाही. भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती आली. तोच आवाज, जरा पिकलेला. शब्द तेच, हरकतही तीच. बेचाळीस घरांत ती ऐकू गेली. तिसरी ओळ मी उचलली.

गाणं संपल्यावर सस्मितो म्हणाला, “डॉक्टर, हात खाली करा.”

तासाभरात डॉक्टर मला दोन्ही हातांत धरून सस्मितोच्या दारात उभे होते, पूर्ण विजारीत. “इबू, ताई, चुकलो. माझ्या कपाटात गात होतात तुम्ही आणि मी हसत होतो.”

“आधी चष्मा लावा,” विनार्सी म्हणाली. माझ्या मधल्या कागदावर तिचं नाव होतं, फिकट पण शाबूत. तिने ते दोनदा वाचलं आणि मग सगळ्यांसाठी केळी तळायला घेतली.

आता मला बाटिकच्या कापडाची पिशवी शिवली आहे. दर रविवारी फर्माईश माझीच. डॉक्टर माझ्या तालावर कवायत करतात. पोट तेवढंच आहे, पण हात सुरेल झालेत.

मित्रांनो, आम्हाला ज्याच्या त्याच्या पाकिटात ठेवा, आणि पाकीट पाहून हसण्याआधी आत कोण आहे ते एकदा ऐका. माझा ओरखडा मात्र कोणी दुरुस्त करू नका. ती एक ओळ विनार्सीची आहे. मी वाजू लागले की आधी तिला हाक मारा.