नऊ लाख ठिपके

गुलाबरावांनी खोक्यावरचे प्लास्टिक दातांनी फाडले, नवा वेबकॅम लॅपटॉपच्या माथ्यावर बसवला आणि चेतनाला खूण केली : बोल.

चेतनाने हात उचलले. पडद्यावर तिच्या कपाळावरची बारीक टिकलीसुद्धा लख्ख दिसली. पण हात चालू लागले आणि बोटांच्या जागी नुसता धुरळा झाला. जुन्या कॅमेऱ्यात होत होता तसाच.

चेतना जन्मापासून बहिरी. नागपूरच्या एका संस्थेत कर्णबधिर मुलांना शिकवायची जागा निघाली होती आणि तासाभराने तिची व्हिडिओवर परीक्षा होती. सगळी उत्तरे हातांनी द्यायची. बोटेच दिसली नाहीत, तर ती गप्प बसली काय अन् बोलली काय, सारखेच.

“फोर-के आहे म्हणे दुकानातला भैया,” गुलाबराव बायकोला म्हणाले. “याच्यावर दुसरा कॅमेराच नाही म्हणे. मंग असं काहून दिसून राहिलं?”

मीराबाईंनी लेकीकडे पाहिले. बाप-लेकीचे बोलणे वर्षानुवर्षे त्यांच्याच हातांनी इकडून तिकडे जायचे. पण या वेळी चेतनाने मोबाइल घेतला, भराभर लिहिले आणि वडिलांपुढे धरला.

‘बाबा, याच्या आत नखाएवढा सेन्सर आहे. त्याच्यावर ऐंशी लाख ठिपके कोंबलेत. खोलीत उजेड कमी. एकेका ठिपक्याच्या वाट्याला चिमूटभर येतो. म्हणून प्रत्येक चित्राला कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. तेवढ्यात माझं बोट पुढे निघून जातं.’

मग तिने सेटिंग उघडली आणि रिझोल्यूशन उतरवत उतरवत नऊ लाख ठिपक्यांवर आणून ठेवले.

“कमी काहून करून राहिली ते?” गुलाबरावांना राहवले नाही.

चित्र भरडे झाले. टिकली पुसट झाली. पण आता एकेका ठिपक्याच्या वाट्याला जास्त उजेड येणार होता आणि सेकंदाला साठ चित्रे निघणार होती. गुलाबरावांनी पस्तीस वर्षे रेल्वेच्या यार्डात रुळांशेजारी उकिडवे बसून चालत्या मालगाडीच्या वाघिणींची चाके तपासली होती. डब्यावर काय लिहिले आहे हे तिथे कोण वाचतो? समोरून सरकणारे चाक तेवढे डोळ्यांत धरायचे. ते पडद्याजवळ वाकले.

“हव,” ते हळूच म्हणाले. “समजलं.”

उजेडाचे राहिलेच होते. चेतनाने टेबल दाराशी ओढून घेतले. गुढियारी वस्तीतल्या त्यांच्या अरुंद गल्लीत दुपारचे ऊन जेमतेम उंबऱ्यापर्यंत पोचायचे. तिची एक बाजू उजळली, दुसरी अंधारात राहिली. तिने इकडेतिकडे पाहिले, खाटेवरची पांढरी चादर ओढली, दोन टोके वडिलांच्या हातांत दिली आणि त्यांना अंधाऱ्या बाजूला उभे केले. खांदे धरून जरासे वळवले. चादरीवरचे ऊन उलटून तिच्या हातांवर आले आणि पडद्यावर बोट न् बोट, पेर न् पेर सुटे झाले.

परीक्षा चाळीस मिनिटे चालली. परीक्षक बाईही बहिऱ्याच होत्या, पांढऱ्या केसांच्या. गुलाबरावांचे खांदे भरून आले, पण चादर खाली आली नाही. चेतनाचे हात धावत होते, थबकत होते, प्रश्नाशी वाकत होते, उत्तरावर टेकत होते. एकदा तर बाई खळखळून हसल्या. आपली पोट्टी कोणाला इतकी हसवू शकते, हे गुलाबरावांना ठाऊकच नव्हते. पुन्हा सांग, असे बाईंना एकदाही म्हणावे लागले नाही.

शेवटी त्यांनी चित्राच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. तिथे चादरीची कड आणि गुलाबरावांचा अंगठा आला होता. चेतनाने उत्तर दिले. बरेच लांब. बाईंनी छातीवर हात ठेवला आणि त्या अंगठ्याकडे पाहून मान लववली. पडदा काळा झाला.

“काय म्हणाली पोट्टी माह्याबद्दल?” गुलाबरावांनी बायकोला विचारले.

“मले कुठं समजते इतकं?” मीराबाई म्हणाल्या. “मले जेवण, ताप, बाजार एवढंच येते. हे तं ती शाळेत शिकली.”

गुलाबरावांनी चादर खाटेवर टाकली. स्टूल ओढून ते चेतनासमोर बसले आणि त्यांनी काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात, अंगठा दिसला होता त्या जागेवर बोट ठेवले. चेतना हसली. तिने मोबाइल उचलला आणि लिहू लागली.

त्यांनी मोबाइलवर तळवा ठेवला. मग तिच्या हातांकडे बोट केले.

चेतना त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग मोबाइल बाजूला ठेवून तिने पहिली खूण केली; हळू, अगदी हळू. गुलाबरावांनी आपली जाड बोटे तशीच वाकवून पाहिली. चुकली. तिने त्यांचा अंगठा धरून जागेवर आणला.