हरभऱ्यातली वाट

शिवकन्याला एक खोड होती. आठवडाभर मुखेडच्या शाळेत पोरांना भूगोल शिकवायचा आणि रविवारी फोन हातात धरून गल्लीबोळ हिंडायचे. कोणालाही भर घालता येते असा एक खुला नकाशा आहे. त्यात मुखेडच्या गल्ल्या भरायचं काम तिनं आणि आणखी चार हौशी मंडळींनी अंगावर घेतलं होतं. पगार नाही, मानधन नाही. “लष्कराच्या भाकरी भाज तू,” म्हणून नवरा व्यंकट हसायचा, आणि मोटारसायकलवर तिला हिंडवायचाही तोच.

या कामाचा कायदा एकच. जमिनीवर जे आहे तेच नकाशावर.

तिनं काढलेली पहिली रेघ मात्र मुखेडची नव्हती. ती होती जळकोटकडच्या तिच्या माहेरची पायवाट. घराच्या मागच्या दारातून निघून शेतातनं थेट एसटीच्या फाट्यावर जाणारी. माय, नागाबाई, लेकीला वाटेला लावायला दर खेपेला इथूनच यायची. घरात ओटी भरायची, फाट्यापर्यंत बोलत यायची आणि गाडी दिसली की म्हणायची, “अगं बाई, बोलायचं तर राहिलंच!”

नागाबाईला जाऊन दोन वर्षं होत आली. आणि आता लातूरच्या हरिओमचा निरोप आला होता. तो नकाशातल्या जुन्या नोंदी तपासायचा. “ताई, नव्या उपग्रहचित्रात ही वाट दिसत नाही. वापरात आहे का अजून?”

शिवकन्यानं ‘आहे’ असं लिहिलं आणि पुसलं. माय गेल्यावर ती माहेरी गेली होती ती फार तर दोन-तीनदा, तेही मोटारसायकलवर, वळसा घालून जाणाऱ्या डांबरी रस्त्यानं. आणि दर वेळी निघायच्या टायमाला आबा, म्हणजे तिचे वडील पिराजी, घरातून गायब. सांगणं नाही, सवरणं नाही. माय गेली की माहेर संपतं म्हणतात ते उगीच नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. गल्लीतला बोळसुद्धा तपासल्याशिवाय न मांडणारी बाई, पण हे तपासायला काही गेली नव्हती. तिनं हरिओमला लिहिलं, “जाऊन बघते.”

रविवारी ती एकटीच एसटीनं आली आणि फाट्यावर उतरली. वाट नव्हती. तिच्या जागी वीतभर हरभरा उभा होता, सरळ ओळींत. शेत आबांचं, पेरणीही आबांचीच. बांधावर उभं राहून तिनं फोन काढला आणि स्वतःच्या हातानं ती रेघ पुसली. मग डोळेही पुसले, आणि डांबरी रस्त्यानं घरी गेली.

आबांनी चहा टाकला होता. तो पिता पिता तिनं विचारलंच, “आबा, मायची वाट पेरून टाकली?”

“कोण चालतंय तिथनं आता? तू तर गाडीवर येतीस.”

“अन् म्या निघाले की तुम्ही कुठं जाता?”

पिराजींनी कपबशी बाजूला सारली. “तुझी माय वटी भरल्याबिगर तुला उंबरा ओलांडू देत नव्हती. म्या गडी माणूस. लेक रिकाम्या वटीनं चाललेली बघवत न्हाई गं मला. म्हणून शेताकडं जातो.”

इतके दिवस रागावणं सोपं होतं. आता तो राग कुठं ठेवावा तेच शिवकन्याला कळेना.

संध्याकाळच्या गाडीला निघताना बघते तर आबा पुन्हा गायब. तिनं उसासा टाकला आणि मागच्या दारानं बांधाबांधानं चालू लागली. निम्म्यात आली असेल, तेवढ्यात मागून हाक आली.

“थांब, माय!”

पिराजी उपरण्याचं गाठोडं पोटाशी धरून हरभऱ्यातनं सरळ चालत येत होते. शेजाऱ्याच्या शेळीनं एका पानाला तोंड लावलं तरी सात पिढ्यांचा उद्धार करणारा हा माणूस!

“आबा, पीक तुडवलं जातंय!”

“जाऊ दे. हरभरा खुडला की लई फुटतो.” त्यांना धाप लागली होती. “दुकानात गेलतो. घरात खोबरं नव्हतं. पदर धर.”

तिनं पिकात उतरून पदर धरला. हळकुंड, खोबऱ्याची वाटी, मग तांदूळ. निम्मे तांदूळ खाली सांडले.

“किती मुठी असतात गं?”

“पाच.”

“मग दोन राहिल्या.” त्यांनी त्या नीट मोजून घातल्या. “कुंकू इसरलो बघ.”

“असू द्या, आबा,” ती म्हणाली आणि रडू लागली. तेही रडले. मग दोघं पुढंमागं, हरभऱ्यातूनच, फाट्यापर्यंत गेले. तिथं दोघंही गप्पच होते. गाडी दिसली तसे पिराजी गडबडून म्हणाले, “आरं, बोलायचं तर राहिलंच!”

खिडकीपाशी बसल्यावर तिनं फोन उघडला. रेघ पुन्हा काढणं एका बोटाचं काम होतं. पण एकदा चालून वाट होत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिनं हरिओमला लिहिलं, “वाट आज नाही. दर रविवारी येऊन चालणार आहे. पडली की कळवते.”

मग तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि तांदूळ सांडू नयेत म्हणून पदर दोन्ही हातांनी धरून बसली.