ठिपके मी दाखवले, अर्थ त्यांनी लावला

मी अंधाऱ्या खोलीतला मायक्रोस्कोप बोलतोय. पुस्तकात मला सूक्ष्मदर्शक म्हणतात. इथे कुणी तसं म्हटलं तर लोक त्याच्याकडे बघत राहतील. बाहेर भर दुपार असली तरी माझ्याकडे कायम अमावस्या असायची, कारण उजेडात माझे ठिपके दिसत नाहीत. चौदा वर्षं मी माणसांचे डोळे अगदी जवळून पाहिले. फारसं काही नसतं त्यांत.

माझी भिंगं घासणाऱ्या कारागिराने जीव ओतला होता. गेली मेहनत पाण्यात. उद्घाटनाला आलेले पाहुणे माझ्यात डोळा घालून म्हणाले, "वा, अप्रतिम." दिवा लावायचाच राहिला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून मी ही जात ओळखून आहे.

माझे मालक म्हणजे सर. पेशी हा त्यांचा विषय. पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, म्हणजे तिच्या चुली म्हणा. चूल बिघडली की नुसता धूर करते. मग पेशी ती पिशवीत बांधते, पिशवी जिरवायला पाठवते आणि त्यातून निघालेला माल पुन्हा वापरते. याला ऑटोफेजी म्हणतात. एवढीशी पेशी, पण बघणाऱ्यांपेक्षा व्यवहार तिला जास्त कळतो.

सरांच्या आईचे हात थरथरतात. मेंदूतल्या पेशींत बिघडलेल्या चुली साठल्या की असं होऊ शकतं, म्हणून सर सफाई वाढवणारं औषध शोधत होते. एकदा एक औषध त्यांनी पेशींवर टाकलं. या पिशव्या माझ्यात हिरव्या चमकतात. दहाच्या जागी चाळीस ठिपके दिसले.

"सफाई चौपट," सर म्हणाले आणि तिथूनच आईला फोन लावला. "आई, थोडी कळ काढ. सापडलंय बहुतेक."

पुढची चार वर्षं ठिपके मोजले ते थोरलीने. ती सरांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. बाकीचे तिला ताई म्हणतात, मी थोरली म्हणतो. मनासारखा कोपरा मिळेपर्यंत पेशींची काच सरकवायची, त्याचा फोटो काढायचा आणि "सगळीकडे असंच आहे" म्हणून सांगायचं, ही इथली रीत. तीही तेच करायची. मी काय बोलणार? मला विचारतो कोण?

मग थोरलीच्या इमारतीत चार दिवस कचऱ्याची गाडी आली नाही. जिन्यातल्या पिशव्यांना ठेचकाळत ती सकाळी उतरली आणि तडक सरांकडे आली.

"सर, पिशव्या वाढल्या म्हणजे सफाई वाढली कशावरून? गाडीच बंद पडली असेल तर?"

"चार वर्षांनी सुचलं हे?"

"हो. चार वर्षांनी."

"पेपर शुक्रवारी पाठवायचाय."

"म्हणून तर आज सांगतेय."

शिकलेली माणसं ही. शेंबड्या पोराला कळावं ते यांना जिन्यात पडता पडता कळलं.

थोरलीने सरांच्या औषधाबरोबर दुसरं एक औषध टाकलं, पिशव्या जिरवण्याचं काम मुद्दाम अडवणारं. गाडी चालू असती तर ती अडवल्यावर पिशव्या आणखी वाढल्या असत्या. वाढल्या नाहीत. चाळीसच्या चाळीस. म्हणजे सरांचं औषध सफाई करत नव्हतं, सफाई बंद पाडत होतं.

सर स्वतः स्टुलावर बसले. मला वाटलं, आता शोधतील सोयीचा कोपरा. त्यांनी काच सरकवली. दुसरा कोपरा, पाचवा, नववा. सगळीकडे तेच. फोन थरथरला.

"औषधाचं काय झालं रे?"

"नाही जमलं, आई. उलटंच निघालं."



"बरं. जेवलास का?"

सर "हो" म्हणाले. जेवले नव्हते. मग थोरलीला म्हणाले, "पेपर थांबव. हे लिहून ठेव, जसं दिसलं तसं."

पुढे नवा मायक्रोस्कोप आला. मला प्लास्टिक घालून व्हरांड्यात काढलं, मोडक्या खुर्च्यांच्या रांगेत. पेशीचा कचरा कसा उचलला जातो यावर आयुष्य घालवणाऱ्या या लोकांना मला उचलायला तीन महिन्यांत कुणी मिळालेलं नाही. धूळ तेवढी वेळेवर येते.

काल सर आईला कामाची जागा दाखवायला घेऊन आले. दम लागला म्हणून म्हातारी माझ्यापाशी थांबली, आधाराला हात माझ्यावर टेकवला. खुर्च्यांची रांग बघून म्हणाली, "बरीच सफाई चाललीय रे तुमच्याकडे."

सर म्हणाले, "नाही गं आई. नुसतं बाहेर काढून ठेवलंय. गाडी यायचीय अजून."

तिचा हात थरथरत होता. माझ्यावरचं प्लास्टिक त्याबरोबर वाजत होतं. मला बोलायचं बरंच होतं, पण तिने तो हात उचलेपर्यंत मी गप्प राहिलो.